सुभेदार आबांची बिअर

मी सुभेदार आबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हशीला हिंदीतून रागावत होते. म्हैस गोठ्याच्या दारात आडवी उभी होती आणि आबा कमरेवर हात ठेवून तिला म्हणत होते, "पीछे हट. पीछे हट बोला ना?" म्हैस हटली. मग ते माझ्याकडे वळले. माझी ट्रंक, वळकटी, छत्री सगळं एकदा नजरेखालून घातलं आणि म्हणाले, "सातारच्या मास्तरीणबाई न्हवं? आत या. ट्रंकेचं कुलूप लय हलकं हाय, बदलून घ्या."

पलूसपासून आत, कृष्णेच्या बाजूला असलेल्या त्या गावात हायस्कूल नुकतंच सुरू झालं होतं. बहात्तरच्या दुष्काळानं सगळा मुलूख वाळवून काढल्यानंतरचा तो पहिला बरा पावसाळा. मी साताऱ्यात वाढलेली, शिक्षण संपवून विज्ञान शिकवायला आलेली एकटी मुलगी. गावात मला खोली द्यायला कुणी चटकन तयार होईना. आबा तयार झाले, कारण त्यांच्या हिशेबात शिक्षक म्हणजे पाठवलेली कुमक होती, आणि आलेल्या कुमकेला जागा द्यावीच लागते.

आबांचं नाव दत्ताजी. पण पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीवर आल्यापासून त्यांना नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, विटांचं आणि पत्र्याचं. एकुलता मुलगा बापासारखाच फौजेत, काश्मीरच्या बाजूला. घरी आबा आणि त्यांच्या मंडळी हौसाक्का. हौसाक्का उंच, कामाला वाघ आणि बोलायला अगदी कमी. आबा दिवसभर बोलायचे आणि संध्याकाळी हौसाक्का एका वाक्यात त्याचा निकाल लावायच्या.

पहिल्याच आठवड्यात मी साताऱ्याला परत जायचं जवळजवळ ठरवलं होतं. कारण सांगायला लाज वाटायची. गावात बायकांसाठी आडोसा म्हणजे उसाचा बांध, तोही उजाडायच्या आत. शाळेत तर काहीच सोय नव्हती. मी हे हौसाक्कांजवळ बोलले. त्यांनी ते आबांना सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर इमारतीच्या मागं आबा धोतर खोचून कुदळ मारत होते. हेडमास्तर बाजूला अवघडून उभे. आबा खणता खणताच त्यांना समजावत होते की फौजेत मुक्कामाच्या जागी पहिला संडासाचा खड्डा खणतात आणि मग तंबू ठोकतात, तुम्ही तंबू पहिला ठोकलात. काही लोक हसायला जमले होते. आबांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दुपारी ते गावातल्या दोघा-तिघा पेन्शनर शिपायांच्या दारात जाऊन नुसते उभे राहिले आणि "फॉलिन", म्हणजे रांगेत हजर व्हा, एवढंच म्हणाले. ते लोक आपापली फावडी घेऊन आले. मग विटा आल्या, पत्रा आला, दार आलं. तसंच एक आमच्या घरामागंही झालं. काम संपल्यावर आबांनी मला बोलावून गंभीरपणानं सांगितलं, "दार आतनं लागतंय. तपासलं मी."

त्या वर्षी आठवीतल्या मुलींपैकी एकीनंही शाळा सोडली नाही. मीही नाही.

आबा रोज पहाटे ओसरीच्या खांबाला आरसा टांगून दाढी करायचे. थंडीत धोतरावर फौजेतला हिरवा स्वेटर. कुणीही घरी आलं, मग तो पोस्टमन असो की ऊस बघायला आलेला शेतकी अधिकारी, त्याला पहिला प्रश्न असायचा, "रिपोर्ट काय?" माणूस गांगरायचा आणि मग खरोखरच काहीतरी सांगायला लागायचा. मीही शाळेतून आले की पायरीवर उभी राहून दिवसाचा रिपोर्ट द्यायची. घाईगर्दीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. घाई असंल तर लवकर निघावं, जोरात पळू नये, असं ते म्हणायचे आणि येष्टीच्या वेळेआधी इतके लवकर फाट्यावर जाऊन बसायचे की कधी कधी आधीचीच गाडी मिळायची. स्तुती त्यांना जमायची नाही. "चालंल" हा त्यांच्याकडचा वरचा शेरा. फारच खूश झाले की काही न बोलता उजव्या हाताचं बोट मांडीवर वाजवायचे.

आणि हा माणूस घरी बिअर करायचा. ते तिला 'बीर' म्हणायचे.

त्याची हकिकत मला त्यांनीच सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत त्यांची तुकडी इटलीत होती. ऐन हिवाळ्यात त्यांना विश्रांतीसाठी आघाडीच्या मागं एका खेड्यात ठेवलं. तिथं एक गोरा सार्जंट होता, ज्याच्या घरी बापजाद्यांपासून बिअर गाळायचा धंदा. त्यानं एका शेतकऱ्याच्या तळघरात रिकामं पिंप मिळवलं, कुठून तरी जव पैदा केले आणि ढवळायला दणकट हात हवे म्हणून दत्ताजीला धरलं. बिअर आंबली, मग त्यानं ते पिंप बाहेर बर्फात नेऊन पुरलं. काही दिवसांनी वर काढलं तर गढूळ पाणी सोन्यासारखं नितळ झालेलं. आबांना त्या नशेचं फारसं काही वाटलं नव्हतं. पण आपण रोज ज्याची भाकरी खातो तसल्याच एका धान्यातून हे निघतं, आणि नुसत्या थंडीनं त्यातला गाळ खाली बसतो, हे त्यांच्या डोक्यात कायमचं बसलं.

त्या दिवशी त्यांच्या शेजारी विष्णुपंत होते. विष्णुपंत वाईचे, तुकडीचे कारकून. सार्जंटनं त्यांच्याही हातात बिअरचा मग दिला आणि त्यांनी तो तसाच खाली ठेवला. घरी परत येईपर्यंत दारूला शिवणार नाही असं आईला सांगून आले होते. तेव्हा दत्ताजी त्यांना म्हणाला, "मग घरी गेल्यावर मीच करून पाजतो."

दोघं घरी आले, पण इकडे दारूबंदी. विष्णुपंत वाईला शाळामास्तर झाले आणि मुलांना दारूबंदीवर निबंध घालू लागले. कायद्यात बसत नाही तोवर आपण घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आबांचा शब्द तसाच उभा राहिला. पुढं कायदा सैल झाला, परवाने मिळू लागले, तेव्हा विष्णुपंतांनी रीतसर परवाना काढला आणि मग नवीन शंका काढली. पिण्याचा परवाना माझ्याकडे आहे, करण्याचा तुझ्याकडे कुठं आहे?

त्यावर आबा काय करतील? ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, छातीवर पदकं लावून थेट सांगलीच्या दारूबंदी कचेरीत गेले आणि साहेबांना म्हणाले, मला घरी बिअर करायची आहे, परवानगी द्या. साहेबांना वाटलं थट्टा आहे. किती करणार, असं त्यांनी विचारलं. एक बरणी. विकणार का? नाही, एका मित्राला पाजणार. साहेबांनी बराच वेळ पदकांकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "सुभेदार, तुम्ही आज इथं आलाच नाहीत." आबांनी सॅल्यूट ठोकला आणि ते परत आले. हा वृत्तांत विष्णुपंतांना कळवला. त्यांनी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला आणि अखेर असं ठरवलं की साहेब 'नाही' म्हणाले नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची.

कायदा बाजूला झाला, पण हौसाक्का होत्या. त्यांचा धाकटा भाऊ हातभट्टीच्या पायी गेला होता. त्या ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. माझ्या चुलीवर हे होणार न्हाई, एवढंच म्हणाल्या. आबांनी मान खाली घातली आणि गोठ्यामागं वेगळी चूल मांडली. खायचं धान्य नासलं असं कुणी म्हणू नये म्हणून उसाच्या कडेला स्वतःच जवाचा एक पट्टा पेरला. मुलानं सुट्टीवर येताना काश्मीरहून हॉप्स नावाच्या वेलीची वाळकी फुलं पिशवीभर आणली. बिअरला कडवटपणा त्या फुलांनी येतो. खमीर मिरजेच्या एका पाववाल्याकडून.

धान्याला मोड आणायचे म्हणून आबांनी ते पोत्यात भिजवून ठेवलं आणि पोतं आंबूस वास मारायला लागलं. हौसाक्कांना ते बघवेना. त्यांनी पोतं ओढून घेतलं, धान्य धुतलं, पसरलं, वरचेवर हलवलं, मोड आल्यावर कडक उन्हात वाळवलं. आबांना त्यांनी बजावलं, "दारू तुमची. मोड तेवढे माझे."

दोन घागरी पाणी मावेल अशी अरुंद तोंडाची काचेची बरणी आबांनी सांगलीच्या बाजारातून आणली होती. मोडाचं भरडलेलं धान्य गरम पाण्यात मुरवून गाळलेलं आणि ती फुलं घालून उकळून गार केलेलं गोड पाणी त्यात भरलं, खमीर घातलं, तोंडाला बूच बसवलं आणि बुचातून एक रबरी नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. आतला वायू नळीतून बुडबुडत बाहेर पडावा, पण बाहेरची हवा, चिलटं, घाण आत जाऊ नये, अशी ती सोय. बाटलीतलं पाणी स्वच्छ राहावं म्हणून आबांनी त्यात विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा खडा टाकला. पाणी झालं जांभळं. दुसऱ्या दिवसापासून बुडबुडे सुरू झाले आणि आबा जवळ खाट टाकून ऐकत बसायला लागले. "बोलायला लागलं बगा," ते मला म्हणाले.

बुडबुडे थंडावल्यावर पुढचं काम गार करायचं. इटलीतला बर्फ इथं कुठला? आबांनी दुहेरी फळ्यांची एक पेटी करून मधल्या फटीत उसाची चिपाडं ठासून भरली होती. सांगलीच्या कारखान्यातून बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून येष्टीनं आली. कंडक्टर कुरकुरत होता, कारण गाडीभर पाणी झालं होतं. बरणी पेटीत ठेवली, भोवती बर्फ रचला, नळी बाटलीत बुडालेली तशीच. रविवार होता, म्हणून मी घरीच होते. थोड्या वेळानं आबांची हाक आली. आवाज शांत होता, पण त्यांची चुळबूळ कळत होती.

"बाई, पाणी उलटं चढतंय. इज्ञानात बसतंय का हे?"

मी जाऊन पाहिलं तर बाटलीतलं जांभळं पाणी नळीतून वर चढत होतं. आम्ही दोघं बघतो आहोत तोवर ते वाकणावरून पलीकडे गेलं आणि बरणीत पडायला लागलं. आबांनी नळी उपटली, पण तोवर बाटली रिकामी झाली होती. सोनेरी व्हायला निघालेली बिअर गढूळ तपकिरी दिसायला लागली.

मी त्यांना सांगितलं की आमच्या प्रयोगशाळेत हे नेहमी होतं. तापलेल्या नळीतला वायू पाण्याखाली गोळा करताना नळी काढायच्या आधी दिवा विझवला, की पाणी उलटं धावतं. वायू गार झाला की आकसतो, कमी जागा घेतो. मोकळी झालेली जागा भरायला नळीच्या दुसऱ्या टोकाला जे असेल ते आत ओढलं जातं. त्यात बिअर गार झाली की स्वतःही थोडा वायू पिते, म्हणजे ओढ आणखी वाढते. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बरणी उसात ओतून दिली. चिडले नाहीत. झाल्या चुकीची चौकशी तेवढी म्हशीजवळ केली, तीही हिंदीतून.

दुसऱ्या खेपेला त्यांनी गार करायच्या आधी नळी सुतळीनं करकचून बांधली. काही आत जायलाच नको. पण आतली ओढ काही त्यानं संपली नाही. बूच इतकं घट्ट बसलं की निघता निघेना, आणि आबांनी जोर लावून उपटलं तेव्हा बरणीनं सुस्कारा टाकावा तसा आवाज करून काठावरचं बर्फाचं पाणी आणि भुसा आत ओढून घेतला. तीही बरणी उसात गेली. हौसाक्का म्हणाल्या की यंदा ऊस डुलत उभा राहणार.

तिसरी खेप पुढच्या थंडीत. या वेळी मी सुचवलं की बरणी आणि पाण्याची बाटली यांच्या मधे एक रिकामी बाटली ठेवू. पाणी चढलं तरी त्या रिकाम्या बाटलीत पडेल, बरणीत जाणार नाही. तसंच झालं. पाणी मधल्या बाटलीत पडलं, तिथंच राहिलं आणि आबांचं बोट मांडीवर वाजलं. बिअर नितळ निघाली. बाटल्या भरल्या, बुचं बांधली. काही आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. आबांनी मग भरला, एक घोट घेतला आणि थांबले. मग शिस्तीत सगळा मग संपवला.

"वल्ला पुठ्ठा," ते म्हणाले.

पाणी अडलं होतं, पण पाणी संपल्यावर त्याच्या मागोमाग बाहेरची हवा आत गेली होती. बिअरला पाणी चालत नाही आणि हवाही चालत नाही. मी पुस्तकं चाळली, पण हिला नेमकं काय द्यायचं ते मला सुचेना. उन्हाळा आला. पेटी गोठ्यात पडली आणि त्यात कोंबडी अंड्यावर बसली.

पुढच्या कार्तिकात विष्णुपंत मिरजेला आले होते, तिथून परत जाताना आमच्याकडे उतरले. तेव्हा मी त्यांना प्रथम पाहिलं. शिडशिडीत, गोरे, टोपी सरळ. आवाज बसलेला, घोगरा. चहा झाल्यावर त्यांनी, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं, सांगितलं की घशात गाठ आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. जीव वाचेल म्हणतात, पण आवाजाची पेटी काढावी लागणार. म्हणजे नंतर बोलता येणार नाही. आयुष्यभर वर्गात मोठ्यानं कविता म्हणणारा माणूस हे सांगत होता.

आबा उठून गोठ्यात गेले. म्हशीशीही बोलल्याचा आवाज आला नाही.

विष्णुपंत वाईला गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर हौसाक्का ओसरीवर जव निवडत बसल्या होत्या. मला आश्चर्य वाटलेलं त्यांनी ओळखलं. त्या म्हणाल्या की लढाईच्या वेळी मालकांना लिहिता येत नव्हतं. घरी यायचं प्रत्येक पत्र विष्णुभाऊजींच्या हातचं असायचं. गावात मास्तर ते वाचून दाखवायचे. मालक काय सांगत असतील ते असो, शेवटी एक ओळ विष्णुभाऊजी स्वतःच्या मनानं घालायचे, की वहिनी, माणूस सुखरूप आहे, काळजी नसावी. त्या ओळीवर मी लढाई काढली, असं त्या म्हणाल्या आणि सूप हलवायला लागल्या.

या वेळी मोड आले ते हौसाक्कांच्या चुलीजवळच्या उबेत. पाणी उकळलं तेही आतल्या चुलीवर. आबा रोज सरपण फोडून चुलीशी रचून ठेवत होते.

बरणी पुन्हा बुडबुडायला लागली. संध्याकाळी आम्ही तिघं तिच्यापाशी बसलो होतो. आबा म्हणत होते की गार करताना नळीच्या टोकाला काय लावावं तेच कळत नाही. पाणी नको, हवा नको, बांधून टाकायचं नाही. हौसाक्का बुडबुड्यांकडे बघत होत्या.

"आवं, हे काय निघतंय यातनं?" त्यांनी विचारलं.

"त्येचाच वायू."

"मग त्यो कशाला उधळताय सगळा? इरजणाला आपण वाटीभर दही मागं ठेवतोच न्हवं? तसा ह्येचाच ह्येला ठेवा की."

आबा माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. बरणीतून दिवसच्या दिवस वायू बाहेर जात होता, आणि नेमकी त्याचीच बरणीला गार होताना गरज होती. तो धरून ठेवायला काहीतरी हवं, जे फुगेल आणि पुन्हा विनातक्रार चेपेल. शाळेच्या व्हॉलीबॉलच्या आतला, हवा भरायचा रबरी ब्लॅडर मला आठवला. मी सांगलीला जाऊन एक कोरा आणला. हौसाक्कांनी तो कोमट पाण्यानं आतून-बाहेरून इतका धुतला की रबराचा वास राहिला नाही.

आबांनी बुडबुडे मंदावायची वाट पाहिली. अगदी जोरात असताना लावला तर फुटेल. मग ब्लॅडर पिळून त्यातली हवा काढली आणि नळी पाण्यातून उचलून लगेच त्याच्या तोंडात घट्ट बांधली. ब्लॅडर हळूहळू फुगत गेला. तो नारळाएवढा झाला, मग आणखी थोडा, आणि तरीही दाबला तर सैल लागत होता. बर्फ आला. कोंबडीला हलवावं लागलं, ती बरेच दिवस आबांवर रुसून होती. बरणी पेटीत ठेवली, भोवती बर्फ रचला आणि आम्ही बघत उभे राहिलो.

ब्लॅडर चेपायला लागला. कुणीतरी आतून सावकाश ओढून घ्यावं तसा. नळीत काही चढलं नाही, बूच आवळलं नाही. बरणी आपलाच वायू परत घेत होती. दुसऱ्या दिवशी ब्लॅडर सुरकुतलेल्या वांग्यासारखा लोंबत होता, पण अजून थोडा वायू त्यात शिल्लक होता. बरणीच्या तळाशी गाळाचा पांढरा थर बसला होता आणि वरची बिअर इतकी नितळ होती की पलीकडची भिंतीवरची भेग दिसत होती. हौसाक्कांनी वाकून पाहिलं आणि त्याच म्हणाल्या, "चालंल."

बाटल्यांत चिमूट चिमूट खडीसाखर घालून बिअर भरली. विष्णुपंतांची तारीख जवळ येत चालली होती आणि आबा रोज बाटल्यांवरचं ओलं गोणपाट बदलत होते. या वेळीही पुठ्ठा निघाला तर दुसरी बरणी करायला वेळ नव्हता. आधी एक उघडून बघा, असं मी म्हटलं. आबांनी नकार दिला. पहिला मग विष्णूचा, हे इटलीतच ठरलेलं होतं.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी विष्णुपंत आले. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की मिरजेच्या डॉक्टरांना विचारून घेतलं आहे, घशाखाली उतरेल ते घ्या असं ते म्हणाले आहेत. आणि खिशातून पिण्याचा परवाना काढून आबांना दाखवला. आबांनी तो खरोखर तपासला आणि परत दिला.

दुपारची उन्हं ओसरीवर आली होती. आबांनी फौजेतला पांढरा मग घासून आणला, सुतळी सोडली, बूच काढलं. बारीक फुसकारा झाला. मग भरला, वर दोन बोटं फेस आला. विष्णुपंतांनी तो दोन्ही हातांनी धरला, उन्हात बघितला, वास घेतला, मग एक घोट घेतला. गिळताना त्रास होत होता, ते दिसत होतं. आबांचं बोट मांडीवर टेकलेलं, पण हलत नव्हतं.

"कडू आहे रे, दत्तू," विष्णुपंत म्हणाले. "एवढ्यासाठी मला तीस वर्षं थांबवलंस?"

आणि त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. सगळा मग रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. आबांनी भरताना थोडी सांडली. ते हसत होते, पण तोंड भलतीकडेच फिरवून.

हौसाक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या की भाऊजी, एक मागायचं हाय. ती पत्रातली शेवटची ओळ मी मास्तरांच्या तोंडून ऐकली, तुमच्या तोंडून कवाच न्हाई. एकदा म्हणा.

विष्णुपंतांना क्षणभर कळेना. मग कळलं. त्यांनी मग खाली ठेवला, टोपी नीट केली, वर्गात उभे राहतात तसे उभे राहिले. त्या घोगऱ्या आवाजातही त्यांचे शब्द सुटे आणि स्वच्छ होते.

"वहिनी, माणूस सुखरूप आहे, काळजी नसावी."

हौसाक्का "व्हय" म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी आबा त्यांना मिरजेला घेऊन गेले आणि विष्णुपंतांच्या घरचे लोक असूनही त्यांच्याजवळच राहिले. शस्त्रक्रिया चांगली झाली. गाठ गेली, आणि आवाजही गेला. आबा परतले तेव्हा मी पायरीवर रिपोर्ट विचारला. ते म्हणाले, माणूस खातोय, चालतोय, नर्सला शुद्धलेखन शिकवतोय. त्यानंतर दर थंडीत एक बरणी व्हायची. हौसाक्कांनी शेवटपर्यंत थेंबही चाखला नाही, पण मोड त्यांचेच असायचे.

माझं लग्न झालं आणि बदली साताऱ्याला झाली. निघताना आबांनी माझ्या ट्रंकेला नवीन कुलूप घातलं होतं. वर्षभरानं, उन्हाळ्यात, मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सातारा स्टँडवर. मी कोरेगावच्या गाडीत बसलेली, खिडकीपाशी. समोर वाईची गाडी लागली होती आणि तिच्या दारात आबा आणि विष्णुपंत उभे होते. विष्णुपंतांच्या गळ्याभोवती पांढरा पंचा होता. त्यांचे ओठ हलत होते, बोटं हवेत काहीतरी लिहीत होती, आणि आबा त्यांचं बोलणंही स्वतःच म्हणून दाखवत होते. "तू म्हणतोस उजवीकडं ऊन येणार. बरं. मी म्हणतो डावीकडं येणार." आसपासची माणसं बघत होती, त्याची दोघांनाही पर्वा नव्हती.

मी हाक मारली, पण स्टँडच्या गलक्यात ती पोचली नाही. दोघं आत चढले, विष्णुपंतांच्या म्हणण्याप्रमाणे डाव्या बाजूला बसले. आबा खिडकीशी, त्यांचा मुद्दा अजून चालूच होता. विष्णुपंत मान हलवून ठाम नकार देत होते. गाडी सुरू झाली, वळली, आणि वळताच सगळं ऊन आबांच्या तोंडावर आलं. ते बोलायचे थांबले, डोळे बारीक करून क्षणभर उन्हाकडे पाहिलं, आणि मग मोठ्यानं हसून उठले आणि विष्णुपंतांना उजवीकडे सरकायची खूण केली.